पायरी क्रमांक सत्त्याऐंशी

माझा नवरा गाईड लिहितो. प्रवासाचं नाही, स्वयंपाकाचं तर नाहीच. चहाचं पाणी उकळलं की नाही हेही त्याला सांगावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या एका खेळात पहिल्या लेव्हलपासून साठाव्या लेव्हलपर्यंत कमीत कमी वेळात कसं पोचायचं, त्याचं गाईड. पायऱ्या एकूण चारशे बारा. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, आणि हा उद्योग!

दोष माझाच आहे म्हणा. एगॉन एकतीस वर्षं इथे डेन्मार्कात, लेमविगजवळच्या डेअरीत चीज तपासायला होता. डेअरी मोठ्या कंपनीत गेली, यंत्रं आली, आणि याला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. मग मी बाईसाहेब शाळेच्या ग्रंथालयात कामाला आणि हे महाशय स्वयंपाकघरात. मी घरी आले की माझ्या चुका एका कागदावर लिहून ठेवलेल्या असायच्या. खोटं नाही सांगत. 'बटाटे खिडकीखाली ठेवू नयेत, हिरवे पडतात. भांड्यांच्या मशीनमध्ये काटे उलटे.' तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, हा माणूस कुठेतरी गुंतला नाही तर मी याला एक दिवस फ्योर्डच्या पाण्यात ढकलीन. म्हणून मी खेळत होते तो खेळ त्याच्यापुढे ठेवला.

खेळाचं नाव 'कावळ्यांचं राज्य'. आपण एक बाहुलं घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आणि हजारो अनोळखी लोकांच्या बाहुल्यांसोबत जंगलं, गावं, डोंगर हिंडायचे. कुणी म्हणतो माझी हरवलेली मेंढी शोध, कुणी म्हणतो गुहेतला राक्षस मार. काम केलं की थोडे गुण, गुण साठले की लेव्हल वाढते. मला लेव्हलचं काही पडलेलं नव्हतं. मी वर्षभर एकोणिसाव्या लेव्हलवर होते आणि मजेत होते. राखेचा डोंगर म्हणून एक जागा आहे, तिथे समोर तळं आहे. शाळेतून आलं की तळ्याकाठी माझी बाहुली बसवायची, गळ टाकायचा, जाणाऱ्या-येणाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे. बास.

एगॉन तीन आठवड्यांत माझ्या पुढे गेला. चौथ्या आठवड्यात वही आली. पाचव्यात पट्टी आली.

"तू बसून काय करतेस तिथं?" तो म्हणायचा. "त्या तळ्यात मिळून चार प्रकारचे मासे आहेत. तासाला गुण किती पडतात माहितीये का? अकरा."

"मग?"

"मग काय मग! अकरा, बोडिल!"

असा माणूस. एकतीस वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही जर्मनीतल्या डोंगरात फिरायला गेलो होतो. तिथंही याच्या खिशात कागद: नऊ चाळीसला किल्ला, दहा पंचावन्नला कॉफी. नवी नवरी कडेला फुलं बघायला थांबली तर हा घड्याळ बघतोय. त्याचं गाईड वाचाल तर तोच आवाज. 'पायरी एकतीस. गिरणीवाल्याकडून सहा पोती घे. त्याची गोष्ट ऐकू नकोस. थांबू नकोस.' अरे, त्या गिरणीवाल्याची गोष्ट कुणीतरी बसून लिहिली असेल ना? त्याच्या मुलीला नदीने नेलंय, रडतो बिचारा. आणि हजारो लोक त्याच्या तोंडासमोरून पोती उचलून पळतायत, कारण लेमविगच्या एगॉनने सांगितलंय की थांबू नकोस.

हजारो म्हणजे हजारोच. त्याने ते गाईड इंटरनेटवर टाकलं आणि डेन्मार्कभर पसरलं. नॉर्वेतल्या कुणीतरी भाषांतर केलं.

आता मंडळाचं सांगते. आमच्याकडे तीन माणसं एकत्र आली की मंडळ काढतात, चौथा आला की त्याला खजिनदार करतात. तसं आमच्या भागातल्या खेळाडूंचंही मंडळ होतं, रीतसर नोंदवलेलं. घटना, कार्यकारिणी, इतिवृत्त, सगळं. दर बुधवारी संध्याकाळी सहाला बंदरावरच्या जुन्या मासळी-लिलावाच्या हॉलमध्ये जमायचं, आपापले कॉम्प्युटर मांडायचे, थर्मासमधली कॉफी प्यायची. सभासद चौसष्ट. अध्यक्ष टोर्किल, शाळेत भूगोल शिकवायचा. दाढी, लोकरीचा स्वेटर, आणि बोलायला लागला की डोळे मिटून.

टोर्किलला गाईडचा भयंकर तिटकारा. गाईड वापरणाऱ्यांना तो 'मेंढरं' म्हणायचा. "हरवल्याशिवाय सापडत नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. खेळातल्या त्याच्या बाहुल्याचं नाव काय, तर 'भटक्या'. खरं सांगायचं तर म्हणणं त्याचंच मला पटायचं. पूर्वी नवीन माणूस जंगलात चुकला की कुणीतरी थांबून वाट दाखवायचं, त्यातून ओळखी व्हायच्या. आता विचारतंय कोण? छापील कागद मांडीवर आणि पळ. पण पटायचं म्हणून मी टोर्किलच्या बाजूला जाऊन बसत नव्हते. कारण एगॉनला बुधवार लागायचा.

हे कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. पण बुधवारी तो दाढी करायचा. इस्त्रीचा शर्ट घालायचा. हॉलमध्ये लोक त्याचे कागद घेऊन त्याच्याभोवती उभे राहायचे: "एगॉन, दोनशे सहाव्या पायरीला कुऱ्हाड विकायची की ठेवायची?" आणि हा चष्मा वर करून सांगायचा. डेअरीतून आल्यापासून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं हो. चीज बरंय का, हेसुद्धा नाही. घरी तो चुका शोधणारा कटकट्या म्हातारा होता, आणि तिथं तो एगॉन होता.

तर मार्चमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली. विषय क्रमांक सहा, अध्यक्षांचा ठराव: 'गाईड लिहिणारा, वाटणारा, अथवा वापरणारा सभासद मंडळातून कमी करण्यात यावा.' नाव लिहिलं नव्हतं. पण लिहिणारा एकच होता.

एगॉनने नोटीस वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. "'अथवा'च्या आधी स्वल्पविराम नको होता," एवढंच म्हणाला. पण त्या आठवड्यात त्याने मला एकदाही टोकलं नाही की जेवलाही नीट नाही. रात्री पाठ फिरवून पडायचा आणि झोपलेला नसायचा. मला कीवही आली आणि रागही. म्हटलं, लोकांना कळप करून हाकायला गेलास, आता भोग. पण त्या हॉलमधून याला बाहेर काढलं तर हा परत माझ्या स्वयंपाकघरात येणार, आणि या वेळी काही उठायचा नाही, हेही मला दिसत होतं.

आता एक गोष्ट मला माहीत होती, जी त्या चौसष्टांतल्या कुणालाच माहीत नव्हती.

राखेच्या डोंगरात शिरायला दोन दारं आहेत. गावाकडून रस्ता येतो तो पूर्वेला येतो. तिथंच, रस्त्यापासून चाळीस पावलांवर, जुनिपरच्या झुडपांमागे एक दार आहे. मी तळ्यावर बसायचे ते बरोबर त्याच्या समोर. पण एगॉनच्या गाईडात पायरी सत्त्याऐंशी अशी आहे: 'डोंगराला वळसा घालून पश्चिमेच्या दाराने आत जा.' का? तर ती पायरी लिहिली त्या दिवशी हा दुसऱ्याच कामावरून पश्चिमेकडून आला होता. समोर दार दिसलं, लिहून टाकलं. दुसरं असेल का, हे बघायला थांबेल तो एगॉन कसला! डोंगराचा वळसा म्हणजे चालत बावीस मिनिटं. सेकंद सेकंद वाचवणाऱ्या गाईडात बावीस मिनिटांची फुकटची पायपीट!

मी मागच्या वर्षी फेब्रुवारीत पाहिलं. गळ टाकून बसले होते, आणि रस्त्यावरून बाहुल्यांची रांगच्या रांग आली. झुडपांपाशी आली, दाराच्या नाकासमोर आली, आणि डावीकडे वळून डोंगराभोवती चालू पडली. मला आधी वाटलं, जत्रा आहे की काय. मग एगॉनचा कागद काढून बघितला, आणि इतकी हसले की कॉफी सांडली.

सांगायला हवं होतं. कळत होतं मला. पण एकतीस वर्षं ज्याने माझे काटे उलटे, माझे बटाटे हिरवे, माझी वळणं चुकीची मोजली, त्याची एक चूक माझ्या हाती लागली होती. एकच. ती मी जपून ठेवली. संध्याकाळी शेजारच्या खोलीतून तो ओरडायचा, "अकरा गुण, बोडिल!" आणि मी इथे त्याच्या मेंढरांची रांग बघत गालातल्या गालात हसायचे. बहिणीलाही फोनवर सांगितलं. तीसुद्धा खूप हसली.

आणि या वर्षी जानेवारीत त्या रांगेत कोण दिसावं? भटक्या! खुद्द अध्यक्ष. झुडपांपाशी आला, क्षणभर थांबला (कागद बघत असणार), आणि निघाला डावीकडे. म्हटलं, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही जात सगळीकडे सारखीच.

सभा शनिवारी सकाळी दहाला. पाव, लोणी, चीज, कडू दारूचा एकेक पेला. आधी सगळ्यांनी उभं राहून गाणं म्हटलं. गाणं म्हटल्याशिवाय आमच्याकडे भांडणसुद्धा सुरू होत नाही. सभा चालवायला उल्ला होती, बँकेतली, हातात लाकडी हातोडा. पहिले पाच विषय पावाबरोबर गिळून झाले. मग टोर्किल उठला आणि त्याने डोळे मिटले.

"मित्रांनो," तो म्हणाला, "आपण का खेळतो? पोचायला? नाही. शोधायला! मी तुम्हाला माझा अनुभव सांगतो. जानेवारीत मी एकटा राखेच्या डोंगरापाशी आलो. बर्फ पडत होतं. दार दिसेना. कुठलाही कागद नाही, कुणाचा सल्ला नाही. मी चालत राहिलो. अख्खा डोंगर पायांखाली घातला. आणि शेवटी, पश्चिमेच्या कड्याखाली, ते दार! तो आनंद मित्रांनो, तो आनंद मेंढरांना मिळत नाही."

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. एगॉन माझ्या शेजारी खाली मान घालून बसला होता. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीचं बटण फिरवत होता.

मला राहवेना. मी हात वर केला.

"बोल, बोडिल," उल्ला म्हणाली.

"टोर्किल, पश्चिमेच्या दारानेच का गेलास रे?"

"म्हणजे?" त्याने डोळे उघडले. "दुसरं आहे कुठे? राखेच्या डोंगराला दार एकच."

"असं? आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? मी फिरलोय ना."

"तू फिरलास तो माझ्या नवऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या पायरीवर फिरलास!" मी म्हटलं. "पूर्वेला झुडपांमागे दार आहे, चाळीस पावलांवर. तू त्याच्या नाकासमोर उभा होतास. मी तळ्यावर बसून बघत होते, बर्फबिर्फ काही नव्हतं. डोंगराला वळसा घालायचं खूळ जगात फक्त एका कागदावर लिहिलंय, आणि ते चुकून लिहिलंय. मेंढरं म्हणे! अरे, मेंढरू निदान बें तरी करतं."

हॉल फुटला. हसून हसून लोक टेबलं बडवायला लागले. टोर्किलचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग त्याच्या स्वेटरसारखा कसल्याच रंगाचा नाही असा झाला. "मी... फक्त चाळलं होतं," तो म्हणाला. "माहितीसाठी." आणि खाली बसला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात एवढी टाळी मला मिळाली नव्हती.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "थांबा थांबा. म्हणजे खरंच दुसरं दार आहे?"

"मीही पश्चिमेनेच गेलो," दुसरा म्हणाला.

"मी चार वेळा गेलेय," युट्टे म्हणाली. ती दाताच्या दवाखान्यात काम करते, आणि तिची चार बाहुली आहेत. "चार गुणिले बावीस! एगॉन! माझी अठ्ठ्याऐंशी मिनिटं आण परत!"

पुन्हा हशा. पण आता तो टोर्किलकडे नव्हता. वाईट मनाचा नव्हता तो हशा, पण होता एगॉनवर. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे एगॉन, चीजसुद्धा असंच तपासायचास का?"

एगॉन उठला. हसणाऱ्यांकडे त्याने पाहिलंच नाही. माझ्याकडे वळला.

"पूर्वेला दार आहे?"

"आहे," मी म्हटलं. अजून हसतच होते मी.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलो. खोटं बोलता आलं असतं. जानेवारी म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सगळा हॉल बघत होता आणि जीभ माझी कधी माझ्या ताब्यात होती?

"मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून."

"तेरा महिने," एगॉन म्हणाला आणि खाली बसला.

उल्लाने हातोडा आपटला. चिठ्ठ्यांनी मतदान झालं. ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध एकेचाळीस. चुकणारा गाईडवाला लोकांना एकदम आपला वाटायला लागला होता. एगॉन मंडळात राहिला. त्याच्यासाठी मी लढले आणि जिंकले, असं कुणालाही वाटावं. युट्टेने मला मिठी मारली.

घरी आल्यावर कोट खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात उभा राहिला.

"तू सांगितलं असतंस तर एका मिनिटात बदललं असतं," तो म्हणाला.

"आणि तू मला काय काय ऐकवतोस ते?" मी लगेच कमरेवर हात ठेवून उभी. "एकतीस वर्षं! हे उलटं, ते हिरवं! कधी मोजलंयस?"

"ऐकवतो. तोंडावर ऐकवतो. लगेच ऐकवतो." तो शांतपणे बोलत होता, तेच वाईट होतं. "तुझी चूक दिसली आणि मी ती ठेवून दिली, असं एकदा तरी झालंय का? बोडिल, रोज संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत होतो. भिंतीपलीकडे. आणि तू बघत होतीस."

मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की माझं डोकं फिरतं, म्हणून मी भांडी आपटली.

तुम्हाला वाटेल, त्याने खेळ सोडला असेल. छे! पुढच्या बुधवारी दाढी करून गेला. शनिवारी दारावरची घंटा वाजली, तर समोर टोर्किल! दाढी विंचरलेली, हातात केकचा डबा, काखेत चारशे बारा पायऱ्या. दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. टोर्किल एकेक पायरी खेळून बघायचा, आणि नाही पटली की ओरडायचा, "हे काय लिहिलंयस गाढवासारखं! इथं नदी आहे, माणूस बुडेल ना!" आणि माझा नवरा, ज्याला स्वल्पविरामावरून झोप येत नाही तो, आनंदाने खोडरबर उचलायचा.

"त्या भागातलं मला विचारा की," मी कॉफी ओतता ओतता म्हटलं. "तळ्यापासून खिंडीपर्यंत दगड न् दगड माहितीये मला."

"नको," एगॉन म्हणाला. "थँक्यू. टोर्किल बघतोय."

थँक्यू! एकतीस वर्षांत त्याने मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, आणि आता दिवसातून चार वेळा म्हणतो. जेवण छान झालं, थँक्यू. दिवा मालवू का, थँक्यू. टेबलावर कागद नसतो. मी मुद्दाम बटाटे खिडकीत ठेवून बघितले. आठवडाभर हिरवे होत पडले, आणि शेवटी मीच फेकले.

काल आम्ही होल्स्टेब्रोला निघालो होतो, त्याच्या बहिणीकडे. गाडी मी चालवत होते. बोलण्याच्या नादात वळण हुकलं. मला कळलं नाही, पण त्याला कळलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्याचा हात उठलेला दिसला. मग तो हात परत मांडीवर गेला, आणि तो खिडकीबाहेर शेतं बघायला लागला. तेव्हा मला समजलं की वळण गेलं. पाच किलोमीटर गेले, सहा गेले. मी वाट बघत होते.

"अरे, ओरड की माझ्यावर!" शेवटी मीच म्हटलं.

"कशाला?" तो म्हणाला. "रस्ता छान आहे."

मी गाडी वळवली नाही. वाटलं, अजून थोडं पुढे गेले तर बोलेल.